टप म्हातारा होतो तेव्हा

गाडीचं इंजिन म्हातारं झालं की ते मालकाला कळतं. टप म्हातारा झाला की अख्ख्या गावाला कळतं. इंजिनाचं दुखणं बॉनेटखाली झाकता येतं, क्लचचं ड्रायव्हरच्या पायाशीच मिटतं, ब्रेकचं तर देवावर सोपवून मोकळं होण्याचीही प्रथा आहे. टपाला ती सोय नाही. तो सगळ्यांदेखत, भर चौकात म्हातारा होतो. आधी फिका पडतो, मग पांढरट, मग भेगाळतो. आणि मग एके दिवशी टपरीवरून कुणीतरी म्हणतं, "आबा, टपाचं बघा काहीतरी. हात लावला तर हात पांढरा व्हायलाय. उद्या नवरदेव टेकला तर नवरीकडचे इचारतील, कुठं रंगकामाला जातो का म्हणून."

पिंपळगाव रेणुकाई हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं, बुलढाण्याच्या हद्दीजवळचं गाव. हिरव्या मिरचीची बाजारपेठ म्हणून त्याचं नाव आहे. हंगाम भरात आला की आसपासच्या खेड्यांतून पोत्यांनी मिरची येते, काटे होतात, ट्रक भरले जातात आणि इथला माल पार दिल्लीकडे, कधी बांगलादेशातही जातो. दिल्लीला माल ट्रक नेतात हे खरं. पण शेतापासून काट्यापर्यंतचा, म्हणजे सगळ्यात वाईट रस्त्यांचा प्रवास वर्षानुवर्षं जुन्या जीपगाड्यांनी केला. कमांडर, मार्शल, मॅक्स, ट्रॅक्स. एमएच २१ आणि शेजारची एमएच २८, दोन्ही नंबरांच्या.

या गाड्यांत माणसं आत बसतात आणि संसार टपावर बसतो. मिरचीची पोती, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, मल्चिंग पेपरचे रोल, लेकीच्या लग्नातलं कपाट, निवडणुकीतला भोंगा. मोटार वाहन कायद्याचं कलम १२३ सांगतं की टपावर माणूस बसवून गाडी चालवायची नाही. गावाने हे कलम समजूतदारपणे घेतलं आहे: टपावर माणूस बसवत नाहीत, तो आपोआप चढतो.

मुळात या गाडीला टणक टप नव्हताच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपवर ताडपत्रीचा हूड असायचा. २ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणी झाली, मोहम्मदसाहेब पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे कंपनीने १९४८ साली नाव बदललं आणि मुंबईत माझगावात जीपची जुळणी केली. भागीदार एक देश चालवायला गेला तरी जीप अडली नाही, ही गोष्ट जीपवाल्यांना सांगितली की ते नुसती मान डोलावतात. त्यांना त्यात नवल वाटत नाही.

ताडपत्रीखाली महायुद्ध जिंकता येतं, पण जुलै महिन्यात सासरवाडीला जाता येत नाही. म्हणून टणक टप आला. कुठे पत्र्याचा, कुठे फायबरचा. पत्रा गंजतो, जड असतो आणि उन्हात तापून आतल्या माणसांना भाजून काढतो. फायबर हलका, न गंजणारा, आणि साचा असला की कुणालाही ओतून देता येणारा. काचेच्या धाग्यांची मॅट, तिच्यात मुरवलेलं पॉलिएस्टर रेझिन आणि सगळ्यात वर जेलकोटचा रंगीत, गुळगुळीत थर, एवढाच त्याचा मसाला. अमेरिकेत १९५३ साली शेवरोले कॉर्व्हेट ही चैनीची, वेगाची गाडी याच मालाच्या बॉडीची निघाली. तीच जातकुळी सांगणारा टप भोकरदन तालुक्यात पोत्यांखाली कण्हत असतो. कुळाचा अभिमान बाळगायला त्याला फुरसत नाही.

आता हा टप पांढरा का पडतो? गावात याची तीन उत्तरं मिळतात: माल डुप्लिकेट होता, नजर लागली, आणि बोअरच्या पाण्याने धुतला. तिसऱ्यात थोडं तथ्य आहे, क्षाराचे डाग पडतात. पण खरा गुन्हेगार डोक्यावरच असतो. उन्हातली अतिनील किरणं जेलकोटमधलं रेझिन हळूहळू तोडतात, रंगाचे कण सुटे होतात आणि हाताला खडूसारखी भुकटी लागते. जेलकोटची जाडी जेमतेम अर्धा मिलीमीटर. तो झिजला की खालचे काचेचे धागे उघडे पडतात, धाग्यांच्या कडेने पाणी शिरतं आणि टप आतून फुटायला लागतो. जालन्याचा मे महिना चाळिशीच्या वर जातो. अशा उन्हात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या टपाचा रंग टिकला असता तरच चौकशी नेमावी लागली असती.

सावलीत उभी करावी म्हटलं तर सावली लिंबाची, आणि लिंबावर कावळे. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हात वाळली की जेलकोटवर कायमचा ठसा उमटवते. तेव्हा मालकापुढे पर्याय दोनच राहतात, सूर्य किंवा कावळा. बहुतेक मालक दुपारी बारापर्यंत एक आणि नंतर दुसरा स्वीकारतात आणि टपावर दोघांचाही हिशोब जमा होतो.

उपायांची सुरुवात नेहमीच फुकटच्या उपायांनी होते. डिझेलचा बोळा फिरवा. खोबरेल तेल चोळा. टायरचं पॉलिश आहे ना, तेच मारा वर. आणि खरंच, बोळा फिरला की टप असा उजळतो की मालक दोन पावलं मागे सरून कंबरेवर हात ठेवतो. फिक्या, खडबडीत पृष्ठभागाच्या खाचांत तेल भरलं की उजेड सरळ परततो, म्हणून रंग गडद दिसतो. चमत्कार एवढाच. पिंपळगावहून निघालेली गाडी भोकरदनला पोचेपर्यंत त्या तेलावर वाटेतली सगळी धूळ बसते आणि मघाशी काळा झालेला टप खाकी होऊन उतरतो. जुनी गाडी विकताना हा उपाय मात्र हमखास लागू पडतो, कारण गिऱ्हाईक घरापाशीच आलेलं असतं. म्हणून जाणतं गिऱ्हाईक टप बघायला पाऊस पडून गेल्यावर येतं.

तेल लावणाऱ्यांना फार हसू नये. हाच मोह मोठ्यामोठ्यांना झाला आहे, आणि तोही याच मुलखात. अजिंठ्याची लेणी इथून फार लांब नाहीत. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने तिथली चित्रं वाचवायला इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेले पोपडे चिकटवले, चित्रं स्वच्छ केली, हे मोठंच काम झालं. पण वर लाखेचा थरही दिला गेला. चित्रं तेव्हा उजळली आणि मग तो थर वर्षागणिक पिवळा पडत गेला. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो उतरवता उतरवता पुरेवाट झाली. इटलीच्या माणसाला बोधिसत्त्वावर वरून हात फिरवायचा मोह आवरला नाही, तर पिंपळगावच्या माणसाने कमांडरवर तो आवरावा ही अपेक्षा जरा जास्तच होते.

फुकटचे उपाय संपले की गाडी मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री आधी टपाकडे बघतच नाही. चहा पितो. मग खिशातून रुपयाचं नाणं काढतो आणि टपावर ठिकठिकाणी वाजवत जातो. टण, टण, टण, आणि मध्येच थप. जिथे थप आवाज आला तिथे खडूने गोल. थर एकमेकांपासून सुटले, आत हवा किंवा पाणी शिरलं, की आवाज बोदा येतो. विमानांचे फायबरचे भागही असेच ठोकून तपासण्याची रीत आहे. मिस्त्रीला हे सांगितलं तर तो एवढंच विचारतो की विमानवाले किती रुपयाचं नाणं वापरतात. मालकाचं लक्ष मात्र खडूच्या गोलांकडे असतं. प्रत्येक गोलागणिक त्याचा चेहरा उतरत जातो आणि पाचव्या-सहाव्या गोलाला तो म्हणतो, "मिस्त्री, जरा हळू वाजवा की. तुमच्या वाजवण्यानंच सुटंल ते."

गोल बहुतेक बोल्टांभोवती निघतात. त्याचं कारण मालकच असतो. लोखंडी चौकट उन्हात एका मापाने प्रसरण पावते, फायबर दुसऱ्या मापाने. मध्ये रबरी वॉशर ठेवला आणि नट बेताने आवळला तर दोघांचं जमतं. पण टप खडखडतो म्हणून कुणीतरी पान्याला पाइप लावून नट आवळलेला असतो, वॉशर कधीच हरवलेला असतो, आणि भेग तिथूनच निघते. पाणी गळायला लागलं की त्या भेगेत एम-सील. ही मळायची पुट्टीसुद्धा मूळची महिंद्रांच्याच घरातली, पुढे पिडिलाइटकडे गेली. म्हणजे एकाच घराण्याने जीपही दिली आणि तिची भोकं बुजवायची सोयही करून ठेवली. लेकीला सासरी धाडताना याहून जास्त कोण काय देणार?

मग घासणं सुरू होतं. या कामात मौज असेल तर ती घासण्यात आहे, कारण टप तेव्हा बोलायला लागतो. सगळ्यात वर रुपेरी रंग, हा मागच्या मालकाने विकण्याआधी मारलेला. त्याच्याखाली निवडणुकीतल्या फलकांचा डिंक आणि एका रंगाचे पट्टे. थोडं खाली गेलं की दुसऱ्याच रंगाचे, कारण गाडीने पक्ष बदललेला असतो. त्याखाली पिवळा, म्हणजे मधली काही वर्षं ही काळी-पिवळी होती आणि तिने चोवीस माणसांचं काम बारा जागांवर भागवलं होतं. पिवळ्याच्या खाली लांबीची पुट्टी, म्हणजे कधीतरी ती उलटलीही होती. हे मात्र विकताना कुणी सांगितलेलं नसतं. आणि सगळ्यात तळाशी मूळचा पांढरा जेलकोट. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं, थरामागून थर काढत सातवाहनांच्या भोगवर्धनापर्यंत पोचले. तिथे मिळालेली हस्तिदंती मूर्ती इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीशी नातं सांगते. टपाच्या उत्खननात इटली निघत नाही, पण मागच्या मालकाने गाडी 'घरगुती वापराची' म्हणून विकली होती हे पुराव्यानिशी सिद्ध होतं. एवढ्या शोधावरही दोन घराण्यांत दहा वर्षं बोलणं बंद राहू शकतं.

घासायला वॉटर पेपर लागतो आणि त्याला पाणी. चारशे नंबरने सुरुवात, मग आठशे, मग बाराशे, शेवटी दोन हजार; नंबर जितका मोठा तितका कागद मऊ. प्रत्येक नंबरला बादली बदलायची, नाहीतर आधीच्या कागदाचा एखादा खरखरीत कण पुढच्या सगळ्या मेहनतीवर रेघ ओढतो. हे पुस्तकातलं झालं. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीत जीपच्या टपासाठी चार बादल्या पाणी घेणाऱ्या माणसाकडे शेजारपाजारच्या बाया कशा बघतात, ते कुठल्याच डब्यावर छापलेलं नसतं. त्यामुळे बरेच टप कोरडेच घासले जातात. आणि कोरडा फायबर घासला की काय होतं, ते घासणाऱ्याच्या मानेवर, मनगटाच्या आतल्या बाजूला आणि पुढे तीन दिवस सगळ्या घरादारावर दिसतं.

काचेच्या बारीक धाग्यांची ती खाज. जाणते मिस्त्री पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, नाकाला रुमाल बांधतात, उघड्या कातडीवर आधी खोबरेल तेल चोळतात आणि काम झाल्यावर न खाजवता थंड पाण्याने धुतात. नवखा पोरगा यातलं काही करत नाही, वर गरम पाण्याने अंग चोळून काढतो आणि मग रात्रभर उभा राहतो. पिंपळगावात यात आणखी एक भर पडते. गॅरेज बाजाराच्या वाऱ्यावर असेल आणि मिरचीचा हंगाम असेल, तर वरून खकाणा येतो. पोरगा शिंकतो, शिंकताना तोंडावरचा रुमाल सुटतो, रुमाल बांधायला हात तोंडाशी जातो, आणि त्या हाताला फायबर. त्यानंतर तो पोरगा काही काळ इलेक्ट्रिकचं काम शिकायचं म्हणतो.

भेग भरण्याचा प्रकार मालकाला सगळ्यात जड जातो. बोटभर भेग दाखवावी, तर मिस्त्री तिच्या दोन्ही टोकांना ड्रिलने भोक पाडतो, म्हणजे ती पुढे पळणार नाही. मग ग्राइंडरने ती रुंद करतो. मग भोवतालचा वीतभर भाग उताराने छिलतो, कारण नवी मॅट धरायला तेवढी जागा लागते. अर्ध्या तासापूर्वी जिथे रेघ होती तिथे आता आभाळ दिसतं. "मिस्त्री, भेग बुजवायला सांगितलती, खिडकी न्हाय सांगितली," असं मालक म्हणतो. यावर मिस्त्री काही बोलत नाही. तो रेझिन कालवत असतो, आणि रेझिन कालवणाऱ्याशी बोलू नये.

कारण तिथे गणित आहे. रेझिनच्या वजनाच्या शंभरात साधारण एक-दोन भाग हार्डनर. त्याआधी कोबाल्टचे थेंब रेझिनमध्ये नीट ढवळून घ्यायचे. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो. ही मापं पंचवीस अंशांच्या हवेसाठी. पंचवीस अंश पिंपळगावात कधी असतात हे ज्याला ठाऊक, तोच चांगला मिस्त्री. उन्हाळ्यात दुपारी नेहमीच्या मापाने हार्डनर घातला तर ब्रश टपाला लागायच्या आत वाटीतलं रेझिन ऊन होतं, वाफाळतं आणि दगड होऊन बसतं, ब्रशसकट. गॅरेजच्या कोपऱ्यात अशा ब्रश रोवलेल्या वाट्यांची रांगच असते. घरातली एखादी स्टीलची वाटी नाहीशी झाली असेल तर ती बहुधा तिथे सापडते. थंडीत उलट, सकाळी लावलेला थर संध्याकाळपर्यंत चिकट, आणि त्यावर माशा, पिसं, कापसाचे धागे. पावसाळ्यात ओल. म्हणजे या कामाला बरी हवा मिळते ती पावसानंतर दिवाळीच्या आसपास. आणि गावातल्या झाडून सगळ्या मालकांना गाडी हवी असते दसऱ्याला. हार, आपट्याची पानं, बॉनेटवर कुंकवाचा हात, आणि टप ओला? गाव रेणुकाईचं, त्यातून नवरात्र. मिस्त्रीच्या दारात रांग लागते आणि मिस्त्री फोन उचलायचा बंद होतो.

टप गुळगुळीत झाला की रंगाचा प्रश्न. इथे घरातल्या सगळ्यांना मत असतं आणि थोरल्या मुलाचं मत असतं मिलिटरी हिरवा. सिनेमातली जीप त्याच रंगाची असते. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम स्पष्ट आहे: तो ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच. दुसरा कुठलाही रंग घ्यायचा तर नोंदणीच्या कागदावर तशी नोंद हवी. आणि टप कापून, उंच करून, गाडीचं रूपच पालटायचं मनात असेल तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगून ठेवलं आहे की कंपनीने दिलेली मूळ ठेवण मालकाला मनाने बदलता येणार नाही. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर बहुतेक टप पांढरेच होतात. खरं तर तेच शहाणपणाचं. पांढरा कमी तापतो, आणि पुन्हा खडू निघाला तरी चटकन ओळखू येत नाही.

राहता राहिली रेडियमची अक्षरं. समोर देवीचं नाव, यात वाद नाही. मागे नातवंडांची नावं, यात वाद आहे. जुन्या टपावर दोन नावं होती. टप म्हातारा होईपर्यंत नातवंडं पाच झाली, त्यातली दोन लेकीची. रेडियमवाला अक्षरागणिक पैसे घेतो. कुणाचं नाव 'ओम' आणि कुणाचं 'ज्ञानेश्वरी', हा त्या लेकरांचा दोष नाही, पण हिशोब त्यावरून होतो.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा गाडी भंगारात द्यावी, असं सांगणारा एक शहाणा प्रत्येक घरात असतो. त्याच्याही बाजूला कागद आहेत. पंधरा वर्षं उलटली की नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, दर वेळी पासिंगची धाकधूक. सरकारने तर १ एप्रिल २०२३ पासून आपल्या पंधरा वर्षांवरच्या गाड्या मोडीतच काढायच्या ठरवल्या. आणि जालना जिल्ह्यात भंगाराला तोटा नाही, उलट भूक आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या भंगार वितळवून सळई काढतात आणि ती सळई गावोगावच्या स्लॅबमध्ये जाते. चेसिस, बॉनेट, दारं, सगळं भट्टीत जातं. म्हातारी कमांडर अखेर कुणाच्या तरी माडीचं छत होते.

फक्त टप राहतो. फायबर वितळत नाही. एकदा घट्ट झालेलं ते रेझिन पुन्हा पातळ होत नाही, तापवलं तर जळून धूर होतो. त्यामुळे भंगारवाला काट्यावर चढवायच्या आधीच टप उतरवून बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "हे तुमचं तुम्ही घेऊन जा." मग तो टप बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शेतात जातो. ठिबकच्या फिल्टरवर झाकण म्हणून, मोटारीच्या स्टार्टरवर आडोसा म्हणून, किंवा चार दगडांवर उपडा ठेवून वासराचं घर म्हणून. रेडियमचं देवीचं नाव समोर, नातवंडांची नावं मागे, आणि आत वासरू.

आणि मग कधीतरी एमएच २८ची एक कमांडर बांधावर येऊन थांबते. टप फुटलेला, वर ताडपत्री बांधलेली. माणूस उतरतो, रामराम होतो, पाऊसपाणी, मिरचीचा भाव, आणि मग सहज विचारल्यासारखं, "हा टप द्यायचा काय?" ज्या टपाला भंगारवाल्याने फुकट नेलं नाही, त्याच्याकडे मालक आता नव्याने बघतो. "हा असा तसा न्हाय पाव्हणं," तो म्हणतो, "मागच्या दिवाळीला सगळा करून घेतलाय. दोन हजार नंबरनं घासलेला." पाहुणा वाकून आत बघतो. वासरू बाहेर बघतं. भाव एकदा तुटतो, पुन्हा जमतो. पाहुण्याचं एकच म्हणणं असतं की मागची पाच नावं काढून द्या. आणि मालक म्हणतो, "नावं तशीच ऱ्हाऊ द्या, अक्षराचे पैसे भरलेत. खाली तुमच्या पोरांची लावा, जागा लई हाय."